मांजरीसाठी मांडलेला डबा

पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे पुतळीबाईच आखायच्या. पितांबर, शेला, दागिने आम्ही रंगवायचो. डोळ्यांना मात्र दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाई विधवा, अक्षरशत्रू आणि जिभेने फटकळ. पण त्यांनी आखलेल्या मूर्तीसमोर गिऱ्हाईक आपसूक गप्प व्हायचं.

कारखान्यात एक बेवारशी मांजर होती. उंदीर म्हणजे देवाचं वाहन, म्हणून मालक दिनानाथशेठ औषध घालू द्यायचे नाहीत. उंदरांच्या पळापळीत रात्रीत मूर्तींच्या चारदोन सोंडा पडायच्याच. ही मांजर आली आणि तीन हंगाम एक सोंड पडली नाही. पगार नाही, बोनस नाही. पुतळीबाई आपल्या भाकरीवरचा बोंबील तिला घालायच्या, तेवढाच.

शहाण्णवच्या श्रावणात साच्यांची फळी कोसळली आणि मांजरीचा मागचा पाय चिरडला. गावातल्या गुरांच्या डॉक्टरने हात झटकले. पुतळीबाई तिला टोपलीत घालून गाडीने रोह्याच्या खासगी डॉक्टरकडे गेल्या. तो म्हणाला, आठ दिवसांत पाय कापला तर जगेल, नाहीतर सडून मरेल. खर्च आठशे रुपये.

शेठ म्हणाले, हंगाम संपल्यावर बघू. गरज सरो, वैद्य मरो. आम्ही कारागिरांनी पाचदहा रुपये काढले, पण त्यात काय होतंय? मग पुतळीबाईंनी डालड्याचा रिकामा डबा दारापाशी स्टुलावर ठेवला. श्रावणात लोक आपापला पाट घेऊन मूर्ती ठरवायला येतात. त्या आत डोळे आखणार, मी दारापाशी रंग देणार. म्हणून लोकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

दोन दिवस मी सगळ्यांना सांगितलं. लोक हसले. एक मास्तर म्हणाले, चार पायांचं जनावर, एक गेला तरी तीन उरतात. जमले अकरा रुपये.

तिसऱ्या दिवशी मला स्टूल हवं होतं, म्हणून डबा उचलून मोठ्या मूर्तीच्या पायाशी ठेवला. तासाभरात नोटा पडायला लागल्या. मास्तरांनीसुद्धा डोळे मिटून पाच रुपये टाकले. मला गंमत वाटली, आणि खरं सांगायचं तर सोयही. मी सांगणं सोडून दिलं. सहाव्या दिवशी डबा भरला. उद्याच्या गाडीने रोह्याला जायचं म्हणून पुतळीबाईंनी टोपलीत धुतलेलं लुगडंही अंथरलं.

त्या संध्याकाळी एक म्हातारी डब्यापुढे हात जोडून उभी असलेली शेठनी पाहिली. ती गेल्यावर डबा उचलून म्हणाले, "देवापुढचा पैसा मांजरावर घालणार?"

पुतळीबाई कुंचला हातात घेऊनच बाहेर आल्या. "देव कुठला, शेठ? घरी नेऊन पूजा होईपर्यंत माती, असं तुमीच शिकवलंत ना? हात मोडला की परत भिजत घालता ती."

"तुझ्यासाठी माती असेल. त्यांनी देव समजून टाकलेत." मग शेठ माझ्याकडे वळले. "जगन, तू त्यांना सांगितलं होतंस?"

पुतळीबाई माझ्याकडे बघत होत्या. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. पण मी शेठचा चेहरा बघितला.

"सगळ्यांना नाय सांगितलं," मी म्हणालो.

ते खरं होतं. आयुष्यात इतकं नीच खरं मी दुसरं बोललो नाही.

डबा देवळाच्या पेटीत रिकामा झाला. आमचे पाचदहा रुपयेही त्यातच गेले. देवळाने पावती फाडली, ती शेठच्या नावाने. पुतळीबाई पदरमोड करायला तयार होत्या, पण पदरात होतंच काय? चार घरी मागायला गेल्या, तर लोकांनी तोंडावर विचारलं, देवाचे खाल्लेस ते पुरले नाहीत काय? ती बोंब तोवर गावभर झाली होती.

त्यानंतर पाचव्या दिवशी मांजर मेली. कारखान्यामागे खड्डा मी खणला. तेवढं तरी मी करावं असं मला वाटलं. पुतळीबाईंनी तिला लुगड्यासकट आत ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती ओढली.

"जगन, तू खोटं बोलला असतास," त्या म्हणाल्या, "तर देव तुला काय करणार व्हता रे?"

विचारून त्या खरंच उत्तरासाठी थांबल्या. मी फावडं पुसत राहिलो. मग त्या हात धुऊन आत गेल्या. संध्याकाळपर्यंत चाळीस मूर्तींचे डोळे व्हायचे होते.