आत्याची एक ओळ

"लिहिलेलं नसेल तर ते घडलेलं नाही," बी.ए.ला सर म्हणाले होते. वीस वर्षांनी माझा एम.ए. इतिहासाचा लघुप्रबंध त्यांच्याकडेच आहे.

सेनगावकडच्या आमच्या तांड्यातले लोक बैलांवर मीठ वाहायचे, हे आत्याने सांगितलेलं सरांनी खोडलं. "कागद आणा, बाई."

आज कागद सापडला. निजामकाळातल्या पोलिसांच्या नोंदवहीत आजोबांचं नाव आहे, संशयित चोरांच्या यादीत.

सर खूश झाले. "आता बराबर. हा पुरावा."

घरी आत्याने विचारलं, "घावला का गं माझा बाप? काय लिवलंय?"

"मीठ वाहायचे म्हणून लिहिलंय."

"व्हय? मंग तसंच छाप."

सर, तुम्ही ही पोस्ट वाचाल. नाही म्हणाल, हेही माहीत आहे. आत्याची मिठाची एक ओळ तळटीपेत तरी राहू द्या.