देवाचे तांदूळ घेऊन धानोऱ्यावरून परत

वाघ पाहाचा असंन त ताडोब्याले जा, टोपी घाला, जिप्सीत बसा. आमी त्याच जिल्ह्यातून निघून पार धानोऱ्याच्या जंगलात गेलो, पन देवाले एक गोष्ट इचाराले. तुमालेही असंच कुठी जाचं असंन त रस्ता, खानं, भाडं समदं सांगते. देवाचं मातर ज्याचं त्यानं पाहाव.

मी घुग्घुसची. नवरा खदानीत होता. पाळीवरून येता येता ट्रकनं त्याच्या मोटरसायकलीले उडवलं. देवाच्या फोटोले हात लावल्याबिगर घराभाईर न पडनारा मानूस. त्या दिवशीही लावला होता. तवापासून माही अन् देवाची बोलचाल बंद. "देवावर सोड वो," म्हने सासू. मी म्हनलं, "आत्याबाई, रोज त्याच्यावरच सोडून पाठवत होतो न. त्यानंच हात सोडला."

आता खदानीचं असं हाये. मेलेल्याच्या जागेवर घरातल्या एकाले नोकरी भेटते. पयला हक्क बायकोचा, बायको हो म्हनन त देराले. नोकरी असली त क्वार्टर राह्यते, नाई त सामान रस्त्यावर. माही पोरगी आठवीत, मी स्वतः गावच्या शाळेत सातवी झालेली. देर गजानन माजरीले ठेक्यावर काम करते, आज हाये उद्या नाई. सासूले वाटे का नोकरी गजालेच भेटाव.

"तो तुमा दोघीले पोसन."

"भाऊजी? प्रत्येक लग्नात चप्पल हरवून येते तो मानूस. आमी दोघी त चपलीपेक्षा मोठ्या हावो, अजूनच लवकर हरवू."

तीन मयने भांडलो. शेवटी सासू म्हने, "मी बोलत नाई, तू बोलू नोको. माह्या माहेरच्या देवाले इचारू. तो म्हनन ते तिघानंही ऐकाचं." पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिघानं शपथ घेतली. पोरगी म्हने, "माहंच डोकं काऊन? माहा उद्या गनिताचा पेपर हाये."

मी काऊन तयार झाली? थकली होती. अन् मनात कुठीतरी वाटे, एवढं मोठं घेतलं देवानं माह्याकून, आता एक गोष्ट त तोंडावर सांगन.

पोरीचे पेपर झाले, तिले शेजारनीकडे ठेवलं अन् निघालो. घुग्घुसवरून चंद्रपूरची एसटी पहाटेची पकडा. ऊन चढलं का कोयशाच्या ट्रकायची लाईन लागते अन् उतरेपर्यंत तुमचं गोरंपन जाते. असंन तेवढं. कंडक्टरनं आमा दोघीले अर्धं तिकीट देलं, गजाले पुरं.

"पाहा भाऊजी," मी म्हनलं, "सरकारच्या हिशेबानं गाडीत पुरा मानूस तुमीच."

"वहिनी, देवाच्या कामाले चाललो, तिथी त टिंगल नोका करू."

"देवाले टिंगल चालते. पाहा न, मले कसं विधवा केलं त्यानं."

सासूनं खिडकीकडे तोंड केलं.

चंद्रपूरच्या स्टँडवर तर्रीपोहा खाल्ला, वीस रुपये प्लेट, तर्री अशी का डोळ्यातून पानी. ते बरं असते, कोनी इचारत नाई काऊन रडून राह्यली. तिथून मूल, सावली करत गडचिरोलीची गाडी. मूलच्या जंगलात गाडी हळू होते. सडकेच्या बाजूनं बाया मोहफुलं येचत होत्या, एकजन नुसती काठी घेऊन उभी. वाघासाठी. एक मानूस दिवसभर नुसता राखन म्हनून उभा ठेवतेत बाप्पा, मले हेवा वाटला. व्याहाडाच्या पुढे वैनगंगेचा पूल आला. सासूनं खिडकीतून एक रुपया टाकला अन् हात जोडले. माह्या हातावरही एक ठेवला. मी तो पदरात बांधला.

गडचिरोलीले जेवा. स्टँडसमोर भात, लाखोळीची डाळ अन् अंबाडीची भाजी भेटते, पोट भरते. धानोऱ्याच्या गाडीचा टाईम मातर इचारून ठेवा, एक सुटली का दुसरीची वाट पाहात बसा. धानोऱ्यावरून आत सासूच्या गावाले ऑटो जाते, अन् शेवटचा रस्ता पायी. रात्री सासूच्या भाच्याच्या घरी झोपलो. हॉटेल गिटेल नाई तिथी. पन खाट देतेत अन् काऊन आले ते इचारत नाई.

सकायी देवाच्या राईत गेलो. मोठमोठी झाडं, मंधात दगडाचा देव. राईच्या आत बाईले जाता येत नाई. आमी दोघी भाईर मोहाच्या झाडाखाली बसलो, अन् घरून आनलेले ओंजळभर तांदूळ घेऊन गजा आत गेला. गावाचा पुजारी, त्याले तिकडे गायता म्हनतेत, तो इचारनार होता. रीत अशी: पळसाची दोन पानं मांडतेत, एक माह्या नावाचं, एक गजाच्या. दोन्हीवर चिमूटभर तांदूळ टाकतेत अन् जोडीजोडीनं मोजतेत. ज्याची जोडी शेवटपर्यंत जुळली, त्याले देवानं देलं. एवढं मले सासूनं सांगतलं होतं. पुढचं नाई सांगतलं.

माही नोकरी, पोरीचं छत, समदं त्या दोन पानावर, अन् मी भाईर. सासू बसल्या बसल्या मोहफुलं येचून पदरात भरत होती.

"कायले वो आत्याबाई?"

"नातीले लाडू आवडतेत मोहाचे." मंग जरा थांबून म्हने, "काईही निघो, तू रुसू नोको. त्याचं ऐकाचं."

"ऐकन न. शपथ घेतली हाये." अन् खरंच सांगते, त्या घडीले मी मनात पक्कं केलं होतं. गजाचं निघालं त गजाचं.

गजा आला. घामानं भिजलेला. "माह्या नावानं निघालं."

मी म्हनलं, "ठीक हाये भाऊजी. तुमी पुरे मानूस."

सासूले आनंद नाई, डोळ्याले पदर नाई. ती त्याच्या हाताकडे पाहात होती. दोन्ही हात रिकामे. मंग घाईघाईनं उठली, मोहफुलाची ओटी करकचून बांधली अन् म्हने, "चाला, चाला लवकर, गाडी जाईन."

मले वाटलं, माह्यावर दया आली म्हनून घाई करून राह्यली.

पंधरा-वीस पावलं गेलो असन. मांगून हाक आली. गायता पळत आला, हातात पळसाच्या पानाची पुडी.

"जोहार बाई! थांबा न वो. तुमचे तांदूळ राह्यले. हा भाऊ तसाच निघून आला."

"माहे कायचे?"

"ज्याले देवानं देलं त्यानं आपल्या पानावरचे तांदूळ घरी न्याचे, शिजवून एकल्यानं खाचे. घ्या, तुमच्या पानाचे हायेत."

गजा जमिनीकडे पाहात होता. घुग्घुसात वाढलेला पोरगा, पुडीची रीत त्याले ठावूक नोती. सासू त्याच गावात लहानाची मोठी झालेली. तिले ठावूक होती. रिकामे हात पाह्यले तवाच तिले समजलं होतं, अन् म्हनूनच गाडी जाऊन राह्यली होती.

गजा गायत्याले म्हने, "अजून एकदा इचारून पाहू न."

"काऊन? त्याले कमी ऐकू येते काय?" गायता म्हने, अन् गेला.

सासूनं माह्यापुढे हात केला. "दे ते गजाले."

"देवानं मले देलं न आत्याबाई."

"देवाले घर चालवाचं नसते."

"मंग एवढा रस्ता कायले आलो? पोरीच्या डोक्यावर हात कायले ठेवला? मले म्हनत होत्या त्याचं ऐकाचं. म्हंजे त्यानं तुमचं ऐकलं तरच?"

"तू एकली बाई. त्या खदानीत ट्रक, धूळ, मानसं..."

"ट्रक मले ठावूक हाये."

मी पुडी पदरात बांधली, पुलावरच्या रुपयाच्या बाजूले.

परतीच्या गाडीत गजा सगळ्यात मांगं जाऊन बसला. कंडक्टर म्हने, "दोन अर्धे, एक पुरं?" मी पैसे पुढे केले. वैनगंगा आली तवा मी रुपया सोडला अन् टाकला. एवढ्या मयन्यानंतर देवाशी बोलली. धन्यवाद नाई म्हनलं. "पाह्यलं," म्हनलं, "तुहं ऐकलं."

घरी येऊन ते तांदूळ शिजवले. वाटीत मावन एवढा भात. रीतीपरमानं एकलीनं खाल्ला, पोरगी दारातून पाहात होती, तिलेही देला नाई. तुमाले सांगते, गोड लागला नाई.

आता मी खदानीच्या कॅन्टीनात कामाले हावो. क्वार्टर राह्यलं. ज्या वळनावर त्याले ट्रकनं उडवलं तिथूनच रोज जाते. सासू दुसऱ्याच दिवशी गजासंग माजरीले गेली ते आलीच नाई. दोनदा भेटाले गेली, दोनदा म्हने झोपली हाये. दिवसा अकराले. भाऊजीनं दारातूनच सांगतलं, पायात एक चप्पल निळी, एक काळी. मी हसली नाई, एवढ्यावरून समजा.

लोक म्हनतेत देवाचं ऐकलं का समदं चांगलं होते. मी ऐकलं. छत भेटलं, पोरीची आजी घरातून गेली. गजाचं पान निघालं असतं तरी मी ऐकलं असतं, हे त्या बुढीले कोन सांगन? तिनं माह्यावर भरवसा ठेवला नाई, अन् देवावरही.

जाताना घाईत ती मोहफुलं इथीच इसरली. मी वाळवून डब्यात भरली. पोरगी इचारते, "आजी आल्यावर लाडू करन न?" मी म्हनते हाव. रोज कामाले जाताना डबा उघडून पाह्यते, किडे त नाई लागले. अजून नाई लागले.