दस्तीखालचा सौदा

शिवाप्पामामा गेले त्या सकाळी मी नांदेडला दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण आणि फोनवर मामेभाऊ महेश. "पप्पा गेले... झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट." मी तसाच, अर्ध्या दाढीनं जळकोटला पोचलो. मामांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "नाटकातून पळून आलास का रे?" पण मामा बैठकीत बसलेले होते. आमच्यात माणसाला बसवूनच निरोप देतात. कपाळाला विभूती, पाठ ताठ, समोर गर्दी... सौद्याला बसल्यासारखेच. तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं असतं तर वाचले असते." दीड महिना ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. हा लेख म्हणजे त्याला उत्तर आहे.

मामा बैलांचे दलाल. उदगीरकडच्या बाजारात देवणी बैलजोडीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, पसरायची, तिच्याखाली घेणाऱ्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी कळतं फक्त दोघांना. तोंड खोटं बोलतं, बोटाला ते जमत नाही, असं मामांचं ठाम मत होतं.

मामांनी सत्तरी ओलांडली तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी रक्तातला प्रोस्टेटचा आकडा बघितला. जास्त निघाला. तीन महिन्यांनी आणखी वर, पुढच्या खेपेला त्याच्याही वर. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासावा लागेल. मामी घाबरल्या. मामा म्हणाले, "दात बघितल्याबिगर मी बैलाला हात लावत न्हाई. माझं बी बघा." तपासलं. कॅन्सर निघाला, पण बारका आणि सावकाश वाढणारा. डॉक्टरांनी दोन्ही वाटा नीट समजावल्या. ऑपरेशन करता येईल, पण नंतर काहींना लघवीवर ताबा राहत नाही. नाहीतर दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं आणि त्यानं चाल बदलली की लगेच उपचार. "तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल. निर्णय तुमचा," ते म्हणाले.

"डॉक्टरसाब," मामा म्हणाले, "मी बाजारात बैलामागं उभा राहू का संडासामागं?"

पुढच्या रविवारी दुपारी घरात बैठक भरली. महेश पुण्याहून आला होता आणि तापलेला होता. "पप्पा, घरात साप निघाल्यावर कुणी नुसतं लक्ष ठेवतं का?"

"बिनविषारी असला तर ठेवतेत. उंदरं खातो."

मी खो खो हसलो. मामांच्या बाजूनं मोठं भाषणही ठोकलं, माणसानं आपल्या मर्जीनं जगावं वगैरे, हातवारे करून. मामांनी ते शांतपणे ऐकलं आणि खांद्यावरची दस्ती काढून मांडीवर पसरली. "तोंडानं लई झालं. एक बोट म्हणजे कापा, दोन म्हणजे थांबा. एकेकानं या."

महेश चिडतच, पण पुढं गेला. मग मामी पुढं झाल्या. त्यांचा हात बराच वेळ आत होता. मग माझी पाळी. दस्तीखाली मामांचा तळवा खरखरीत आणि गरम होता, आणि माझ्या हातानं... एकच बोट दाबलं. भाषण ठोकणाऱ्यानं, हसणाऱ्यानं. मामांची पापणी हलली नाही. दस्ती झटकून ते म्हणाले, "सौदा झाला. थांबायचं."

"कुणी काय सांगितलं?" महेशनं विचारलं.

"दस्तीखालचं दस्तीखालीच."

नांदेडच्या एसटीत मला बसवून देताना मात्र खिडकीशी आले. "लई भ्यायलास रे. तोंड एक बोललं, बोट दुसरंच." एवढंच. नंतर सहा वर्षांत चकार शब्द काढला नाही.

आणि काय सहा वर्षं होती ती. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं लातूरला जायचो. आकडा दोनदा चढला, एकदा पुन्हा तुकडा काढला, पण चाल तीच, संथ. एकही तारीख मामांनी चुकवली नाही. ऑपरेशन टाळलं, तपासणी नाही. रिपोर्ट टोपीत खोचायचा, भजी खायची आणि परतताना रस्त्यात जोडी दिसली की गाडी थांबवून उगाच तिचे दात बघायचे. नातीच्या लग्नात वरातीसमोर असे नाचले की बँडवाले थकले. शेवटी थांबलं ते काळीज, तेही सत्त्याहत्तराव्या वर्षी. ज्याच्यावर पाळत ठेवली होती, तो साप आपल्या बिळातच होता.

गेल्या आठवड्यात जळकोटला गेलो. दस्ती खुंटीला होती. मामींनी ती उतरवली. "मी काय सांगितलं होतं, विचारणार न्हाईस?" म्हणाल्या. आणि माझा हात दस्तीखाली घेऊन तो अख्खाच घट्ट धरला. "बोट कसलं दाबणार मी... मी असा हातच धरला. ते म्हणले, ह्यो भाव मला कळत न्हाई. मी म्हणलं, मग तुमच्या मनचा लावा."

मामींनी दिलेली ती दस्ती आता माझ्या खांद्यावर असते. परवा नांदेडला एक पाहुणे भेटायला आले. चहा पिता पिता म्हणाले, "तेव्हाच कापलं असतं तर..."

मी वाद घातला नाही. मांडीवर दस्ती पसरली आणि म्हणालो, "हात घाला आत. आता बोटानं सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला. हात काही पुढं आला नाही.