राहीबाईनं न सांगितलेली गोष्ट

कडेगावच्या त्या घरात कॉलेज पाहिलेलं माणूस एकच, थोरली सून राहीबाई. साताऱ्यात तिचं एक वर्ष झालं आणि फौजेतल्या मुलाचं स्थळ आलं. वडिलांनी कॉलेजातून नाव काढून तिला उजवून टाकलं.

१९७३ साली नणंद सुला अकरावी मॅट्रिकला फर्स्ट क्लासात आली. सांगलीच्या कॉलेजात तिचं नाव घातलं. सासरे लालासाहेब म्हणाले, "राही, पोरीला समदं शिकीव. घरात तुलाच म्हाईत हाय."

"व्हय, मामा," ती म्हणाली. त्या सांजेला भाकरी थापल्याचा आवाज पार परसापर्यंत गेला.

महिनाभर दोघी दुपारच्या सोप्यात बसल्या. हजेरीला काय म्हणायचं, लायब्ररीचं कार्ड कसं भरायचं, होस्टेलात कुणाला भ्यायचं आणि कुणाला नाही, राहीनं सगळं सांगितलं. सुलासाठी आणलेलं घड्याळ तिनं एकदा आपल्या मनगटावर बांधून पाहिलं.

"वयनी, तुमालाच शोभतंय की!" सुला म्हणाली. राहीला ते कौतुकही झोंबलं.

एक गोष्ट तिनं जाणूनबुजून गिळली. प्राध्यापक इंग्रजीत बोलत सुटतात, फळ्यावर उतरवून देत नाहीत. कानावर पडेल ते आपणच झरझर टिपायचं असतं. त्यापायी राहीचे पहिले चार महिने रडण्यात गेले होते. मला तरी कुणी सांगितलं होतं, असं तिनं मनाला बजावलं.

नागपंचमीला सुला आली ती ट्रंक घेऊनच. "मला न्हाई जमत. समदी लिवत्यात, मी नुसती बगत बसती."

राहीला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"ऱ्हाऊ दे मग," लालासाहेब म्हणाले. "शिराळ्याचं स्थळ आलंय. पोरगा फौजंत हाय."

हेच शब्द राहीनं आपल्या बापाच्या तोंडून ऐकले होते. पदर सावरून ती पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलली, "मामा, तिची चूक न्हाई. मीच अर्धं शिकिवलं. मुद्दाम."

लालासाहेबांनी शिराळ्याहून आलेलं पत्र घडी करून परत खिशात घातलं.

"का वं, वयनी?" सुलानं विचारलं.

"जळत हुती मी. अजून बी जळती." राहीनं वही ओढली. "बस हितं. मी इंग्रजी वाचती, तू टीप."

आठ दिवस हेच चाललं. सुला परत गेली, बी.ए. झाली, शाळेत मास्तरीण म्हणून लागली. पुढं दर जूनला कॉलेजला निघालेल्या गावातल्या पोरी राहीबाईकडे येऊ लागल्या. ती आता काहीच राखून ठेवत नसे. पण पोरींची एस.टी. सुटली की ती कुणाशी न बोलता घरी येई, आणि त्या दिवशी घरात कुणी तिच्या वाटेला जात नसे.