सोंगाची शिक्षा

दिवाळी झाली की आई-बाबा वीटभट्टीवर जायचे, मी जव्हारला होस्टेलात राहून कॉलेज शिकायचो. कबड्डीच्या संघातल्या पोरांना सकाळी दूध-अंडी मिळायची. माझं पोट त्यावरच चालायचं.

परवा, आता मी नोकरीला आहे त्या शाळेच्या मैदानावर, रेषा आखायला फक्की मारताना चुन्याचा वास नाकात गेला आणि कॉलेजातली ती सकाळ आठवली. आदल्या रात्री मी आणि आमचा कॅप्टन, दोघेही न सांगता मोखाड्याला बोहाडा बघायला पळालो होतो. मी तर नुसता बघायला नव्हतोच गेलो. बोहाड्यात मुखवटे घालून नाचवायची देवांची सोंगं घराण्यांना वाटून दिलेली असतात. बाबा भट्टीवर, म्हणून आमच्या घरचं सोंग मीच नाचवलं. कॅप्टन मात्र दारू पिऊन मारामारी करून आला होता.

कबड्डीचे सर मैदानातच मला म्हणाले, "तू संघातून बाहेर."

"आणि हा, सर?"

"त्याच्या वडिलांचा फोन आला होता. पोरगाच आहे, चुकतो कधी."

"मग मी काय म्हातारा आहे, सर?"

पोरं खो खो हसली. सर भडकले. "नाचायचंच होतं तर कॉलेजात कशाला आलास रे?"

कॅप्टन खाली बघत बुटाची नाडी बांधत राहिला.

तेव्हा मला शरम वाटली होती. आज संताप येतो. न सांगता गेलो, शिक्षा कबूल. पण त्याच्या दारूला माफी आणि माझ्या देवाला शिक्षा, हा कुठला नियम?

मला संघात परत घेतलं नाही. दूध-अंडी बंद झाली, तरी कॉलेज सोडलं नाही. मी बी.ए. झालो, आमच्या पाड्यातला पहिला.