पानवेलीवरचे ठिपके

टोमॅटोच्या पानावर ठिपका पडला की आमच्या बोरी गावात त्याला करपा म्हणायचे. घरातल्या पानवेलीवर ठिपका पडला की त्याला माझं नाव. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

वेल ओट्यावर होता, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, न्हाणीच्या ओलसर भिंतीला टेकवलेला. शेजारी मनीप्लांट आणि क्रोटन, तेही डब्यांतच, एकमेकांना खेटून. वेल सासूबाईंचा. मी त्यांना आत्या म्हणायचे. दुपारची भाकरी झाली की त्या चंची सोडायच्या, वेलाची दोन पानं खुडायच्या, चुना लावायच्या आणि मग तासभर त्यांचं कुणाशी भांडण नसायचं. बाकीचा दिवस त्यासाठी मोकळाच असायचा.

पानवेलीला विटाळ चालत नाही, हे मला लग्नानंतर लगेच सांगण्यात आलं. कावळा शिवला की चार दिवस त्या कोपऱ्याकडे फिरकायचं नाही, वेलावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. मी पाळलं. नव्या सुनेला कुणी विचारतं का, तुला पटलं का म्हणून?

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराच्या एका पावसाळ्यात वेलाच्या पानांवर तपकिरी ठिपके आले. भोवती पिवळी कड. ठिपका वाढला की मध्ये भोक पडायचं आणि पान गळायचं. सासूबाई शेजारणीशी बोलत होत्या, पण आवाज माझ्यासाठी होता.

"हिनंच शिवलं आसंल. न्हाई तर आमच्या वेलाला कंदी काय झालं न्हवतं."

मी शिवले नव्हते. तसं सांगितलंही. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि उपाय सुरू केला. माझे चार दिवस संपले की सगळ्या वेलावर गोमूत्र शिंपडायचं, वरून तांब्याभर पाणी ओतायचं. शिवाय रोज त्यांची अंघोळ झाली की वेलाचीही अंघोळ व्हायची, डोक्यावरून. आधीच पावसाळी हवा, त्यात भिंतीची ओल. पानं दिवसभर वाळायची नाहीत. ठिपके वाढले. ठिपके वाढले म्हणून शिंपण वाढलं, शिंपण वाढलं म्हणून आणखी ठिपके. शेजारच्या मनीप्लांटवरही ते उतरले. आणि दर खेपेला गुन्हेगार मीच.

माझं माहेर आणे गावचं. पठारावर पाण्याचा दुष्काळ, तिथं आई भांडी विसळलेलं पाणी तेवढं झाडाच्या बुडाशी घालायची. पानांवर पाणी ओतणाऱ्या बाईला तिनं वेडीच म्हटलं असतं. तिच्या डब्यांतल्या झाडांवर असले ठिपके मी कधी पाहिले नव्हते. हे एकदा बोलून बघितलं.

"तुमच्या पठाराव काय येतंय, कुसळं!" सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

डोक्यात खरी तिडीक गेली ती टोमॅटोच्या रानात. तोडणी चालू होती. माझा दुसरा दिवस, पोटात कळा. आज घरीच बसते म्हटलं.

"रानात कशाला बाजूला बसायचं? बाया मिळंनात. चल, क्रेट भर," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे रानात माझे हात चालत होते. दिवसभर त्याच हातांनी मी झाडं चाळवली, फळं तोडली, क्रेट उचलले. त्याच रानात करपा आला होता आणि माझ्या नवऱ्यानं नारायणगावच्या दुकानातून पावडर आणून फवारली होती. कुठली बाई कितव्या दिवसाची, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. संध्याकाळी घरी आलो, मी ओट्याला पाय लावते न लावते तोच सासूबाई ओरडल्या, "तिकडून जा, वेल हाय!"

नवरा पाय धूत होता. मी त्याला विचारलं, "टोमॅटोला विटाळ न्हाई व्हत का?"

"आगं, त्यो करपा हाय. बुरशी. वल धरली का येतीच."

"मग वेलाव काय हाय?"

तो पाय धूतच राहिला. म्हणाला, "आईला कोन सांगनार?"

ठाऊक होतं त्याला! मला त्या ठिपक्यांपेक्षा त्या वाक्याचा राग जास्त आला.

पुढं नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई तिच्याकडे पेठ गावी गेल्या. एसटी दिसेनाशी झाली आणि मी पदर खोचला. वेल भिंतीपासून सोडवला, जिथं सकाळचं ऊन आणि वारा लागतो त्या टोकाला नेला. डबे एकमेकांपासून लांब केले. ठिपक्याची सगळी पानं खुडली, डब्यात गळून पडलेलीही वेचली आणि बंबाखाली जाळली. मनीप्लांटवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारलं. वेलाचं पान खायचं, त्यावर औषध मारायला मन धजेना. त्याला फक्त सकाळी, बुडाशी, माती सुकली असेल तर पाणी. चार दिवस आले तेव्हाही मीच घातलं. मुद्दाम घातलं. नवी पानं आली ती कोरी, तळहाताएवढी.

सासूबाई परतल्या. वेल बघून खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ, लांब ऱ्हायलीस तर कसा टवटवीत झाला!"

नवऱ्यानं मला डोळ्यानं खुणावलं, गप्प बस म्हणून. मी बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून पोटात आहे. एवढं मात्र पदरात पाडून घेतलं की वेलाला पाणी सकाळीच आम्ही मायलेकी घालू. माझ्या चार दिवसांत मुलगी पाणी घालते, असं सासूबाई समजायच्या. घालायचे मीच. वर्षानुवर्षं त्या दुपारी निवांत पान चघळत राहिल्या आणि वेलावर ठिपका म्हणून आला नाही.

मग मुलीला पाळी आली. ती सवयीनं तांब्या घेऊन वेलाकडे निघाली. सासूबाई नुकतंच पान लावून बसल्या होत्या.

"आता तू शिवायचं न्हाई. नासवशील त्याला."

पोरगी जागच्या जागी थांबली आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. त्यांना काही लागलंय का, असं. ते मला बघवलं नाही.

"आत्या," मी म्हटलं, "तुमच्या तोंडात हाय त्या पानाला म्या चारी दिवस पानी घातलंय. ह्या महिन्यात, गेल्या महिन्यात, तुमी पेठंला व्हता तवापासून. कुठं नासलं? बुरशी व्हती ती. तुमच्या शिंपन्यानं वाढत व्हती."

त्यांचं चघळणं थांबलं. उठल्या, ओट्याखाली थुंकल्या, चूळ भरली. दुसऱ्या दिवशी पान खाल्लं नाही. डोक्याला फडकं बांधून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी, मुलीचे चार दिवस संपायच्या आतच, भाकरी झाली, चंची सुटली आणि नातीला हाक आली, "दोन पानं खुडून आन गं."

मुलीनं पानं खुडली, आजीच्या हातावर ठेवली. सासूबाईंनी ती लुगड्याला पुसली आणि चुना लावला. नवरा हसत मला म्हणाला, "मिटलं बघ एकदाचं."

मी आत गेले. दुपारच्या एका पानासाठी जे सोवळं दोन दिवसांत मोडलं, ते माझ्यासाठी इतकी वर्षं या घरात कुणालाच मोडता आलं नव्हतं.