व्हिडिओ पोचला, निर्धास्त राहा

अलिबागच्या ज्या संस्थेत मी रुग्णसेवेचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतो, तिथे गेल्या वर्षी विद्यार्थिनींच्या शंका सोडवायला एक ताई रुजू झाली. तिला पगार नाही, रजा नाही, डबा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी साडी नेसून हसत बसायचं आणि विचारलेल्या प्रश्नाला क्षणात लेखी उत्तर द्यायचं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. नैसर्गिक बुद्धिमत्तेचा, म्हणजे माझा, संस्थेला आलेला अनुभव फारसा उत्साहवर्धक नव्हताच.

"सर, तिला बोलायला तुम्हीच शिकवा. तुमच्याइतकं गोड कोणाला बोलता येतं?" असं संचालक म्हणाले आणि मी फुललो. विद्यार्थिनींना व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं पाठवलेली माझी उत्तरं नमुना म्हणून तिला दिली. त्याच दिवशी अभ्यासक्रमाच्या पानावरून माझा फोन नंबर काढून टाकला. तंत्रज्ञानाचा लाभ सर्वांना व्हावा. त्या सर्वांत मीही आलो.

त्या उत्तरांविषयी खरं सांगायला हवं. "सर, माझा फॉर्म मिळाला का?" असं कोणी विचारलं, तर मी कधी उठून पाहिलं नाही. "मिळाला ताई, निर्धास्त राहा," असं लिहून मी चहाला जायचो. फॉर्म बहुतेकदा आलेला असायचाच. नसला, तर दुसऱ्या दिवशी गुपचूप फोन करून पुन्हा मागवायचो. हे फोन व्हॉट्सअॅपमध्ये नव्हते, त्यामुळे ताईला तेवढं शिकायला मिळालं नाही.

म्हसळ्याच्या एका खासगी दवाखान्यात फरशी पुसणारी, आया असलेली एक चाळिशीची बाई आमच्याकडे शिकत होती. महिनाअखेर प्रमाणपत्र आणलंस तर वॉर्डात रुग्णसेवेला घेतो, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटच्या परीक्षेत अंथरुणावरच्या रुग्णाला न उठवता चादर बदलायची आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. तिने सासूला रुग्ण केलं. गावात रेंज नाही, म्हणून टेकाडावर चढून व्हिडिओ पाठवला आणि पोचला का, असं ताईला विचारलं.

"पोचला ताई, निर्धास्त राहा."

व्हिडिओ अर्ध्यात अडकला होता. मुदत संपली आणि यादीत तिच्या नावापुढे "अनुपस्थित" आलं.

चार दिवसांनी ती एसटीने अलिबागला आली. माझ्या टेबलापुढे उभी राहून तिने विचारलं, "सर, तुमची ती बाई कुठं बसते? मला तिला भेटायचं हाय."

"ती बाई नाही हो. कॉम्प्युटर आहे."

"मंग खोटं बोलायला कुनी शिकवलं त्याला?"

मी पाणी मागवलं. अवघड प्रश्नाला आमच्याकडे पाणी देतात.

"सासू दोन तास पडून ऱ्हायली, सर. जन्मात माजं येवढं ऐकलं न्हाय तिनं."

मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली: तांत्रिक अडचणीमुळे विलंब झाला. तिने ती सावकाश वाचली, घडी घातली नाही, तशीच टेबलावर ठेवली.

"तुमचं कायच न्हाय यात," ती म्हणाली.

मग मी तिच्या फोनवर व्हिडिओ पाहिला. चादरीला एक सुरकुती नव्हती. मध्येच म्हातारीने एक डोळा उघडून "झालं का गं?" विचारलं होतं. दुसरी चिठ्ठी लिहिली. हिचं काम उत्तम आहे. न पाहता हो म्हणायची सवय माझी आहे, ती मीच यंत्राला लावली आणि विचारायला माणूस ठेवला नाही. खाली सही केली. प्रत वाचून संचालक म्हणाले, "सर, इतकं खरं लिहायची गरज होती का?"

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून माझ्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक केलं, हे तिनेच मला कळवलं. वॉर्डातली जागा दोन दिवस आधीच भरली होती. प्रमाणपत्र तिला मिळालं आहे. ती अजून फरशीच पुसते.